'मेरी प्रुडन्स'चं बूच

रॅग्ड कोव्ह, न्यूफाउंडलंड
९ मे १९९४

प्रिय व्हेल्मा आत्या,

तुझं नाताळातलं पत्र हरवलेलं नाही, हे आधी सांगून टाकतो. ते माझ्याबरोबर मॉन्ट्रियलला हॉटेलात भांडी घासत होतं, मग हॅलिफॅक्सला आलं, तिथं त्याच्यावर कॉफी सांडली, आणि आता ते आजीच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या फटीत खुपसलेलं आहे, कारण तिथून वारा येतो. रोज चहा पिताना ते माझ्याकडे बघतं. रोज मी म्हणतो, उद्या. सबबी तयार करून ठेवल्या होत्या, पण आता लिहायला बसल्यावर त्या मलाच पटेनात. आळस केला, बस.

तू लिहिलं होतंस की तुमचा बुटांचा कारखाना पानगळीच्या सुमारास बंद होणार आणि आजीचं घर रिकामंच आहे, तर छप्पर टिकलंय का ते मी बघून यावं. मी नुसता बघायला आलो नाही, राहायलाच आलोय. छप्पर टिकलंय. म्हणजे डोंगराकडचं टिकलंय.

कॉड मासे पकडायला बंदी आल्यापासून अख्खं गाव खिशात हात घालून धक्क्यावर उभं असतं. मी मात्र पाण्यात जातो. पाठीवर हवेची नळकांडी बांधून बुडी मारायचं शिक्षण मी हॅलिफॅक्सला घेतलं (आयुष्यात सुरू करून पूर्ण केलेली ही माझी पहिली गोष्ट, बाबांना कळव). इथं मी आणि फिलिप नावाचा क्विबेकचा एक मुलगा तळावरचे काटेरी गोळे गोळा करतो. त्यांची अंडी जपानी लोक आवडीने खातात म्हणे. गावातले म्हातारे त्या गोळ्यांना जे म्हणतात ते मी तुला लिहू शकत नाही, तू चर्चमध्ये गातेस.

कुठे होतो मी? हां, बोट.

तू लिहिलंस, 'मेरी प्रुडन्स मी बुडवली असं जोवर त्या गावात बोललं जातंय, तोवर मी तिथं पाऊल ठेवणार नाही.' आत्या, बोललं जातंय. सोळा वर्षांत त्या गोष्टीला गंज सोड, उलट पॉलिश चढलंय. परवा दुकानात मी सहज शीळ घातली तर ड्रुसिलाबाई गल्ल्यावरून म्हणाल्या, "नको रे बाबा. तुमच्या घराण्यात ते बरं नाही." मग शेजारच्या गिऱ्हाइकाला अख्खी कथा पुन्हा सांगितली, आणि ते गिऱ्हाईक जन्मापासून इथलंच! बोट पाण्यात लोटायच्या सकाळी व्हेल्मा बाईमाणूस असून वर चढली, वरून शीळ घातली, आणि दुपारच्या चहाला बोट तळाशी. बोटीचा तांडेल ईसॉ आणि त्याचा भाऊ लेव्ही मागे बांधलेल्या छोट्या होडीतून वल्ही मारत घरी. आणि ईसॉने तुझ्याशी ठरलेलं लग्न मोडलं ते बरंच केलं.

माझ्या डोक्यात असं आलंय की शिळेने बोट बुडत नाही, खडकाने बुडते. चौदा वाव, म्हणजे ऐंशीएक फूट पाणी आहे, फार नाही. खाली जायचं, खडकाने पाडलेलं भोक बघायचं, वर येऊन सगळ्यांना सांगायचं. तुझं नाव साफ, तू घरी. मलाही बरं, मला अंड्यापलीकडे स्वयंपाक येत नाही.

तुझा,
डॉर्मन


गॉल्ट, ऑन्टारियो
२३ मे १९९४

चि. डॉर्मन,

पाच महिन्यांनी उत्तर आलं. मी कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे, पुढं कुणी विचारलं तर दाखवता येईल.

मला त्या बोटीशी काही देणंघेणं नाही. तू खाली जाऊ नकोस. जाणारच असशील तर लोकरीचे मोजे दोन जोड घाल, त्या मुलाला बरोबर ठेव, आणि कधी जाणार ते कळव. काय दिसलं तेही कळव. अर्थात मला काही घाई नाही. पत्रावर हवाई टपालाचं तिकीट लाव.

हो, मी चढले होते. शीळही घातली होती. चर्चमधलं गाणं होतं ते, सैतानाचं नव्हे. आमच्या गूज बेटावर बायका बोटीत चढायच्या, वल्ही मारायच्या. तुझ्या बाबांचा जन्मच बोटीत झाला, आणि ती बोट बुडली नाही, पुढे किती वर्षं चालली. पण सरकारने बेट उठवलं, आम्ही घरं तराफ्यांवर बांधून खाडी ओलांडली आणि रॅग्ड कोव्हला आलो. त्या गावाच्या लेखी आम्ही अजून तराफ्यावरच आहोत.

कारखान्याचं पक्कं झालं. सप्टेंबरनंतर माझ्याकडे वेळच वेळ. इथल्या बायका म्हणतात, "व्हेल्मा, तू घरी जाशील ना?" मी म्हणते, "बघू." काय बघू? एक आख्खं गाव बघून तोंडाला कुलूप लावणार, आणि मी त्यांच्यासमोरून दुकानात जाऊन पीठ आणणार? गावाने मला पनवती म्हणावं आणि मी सुटे पैसे मोजावेत, हे होणार नाही. त्यापेक्षा इथं एकटी म्हातारी होईन.

ईसॉबद्दल मला काही विचारायचं नाही. तो अजून ती तपकिरी टोपी घालतो का? लग्न केलं नाही असं ऐकलं. कुणी केलं असतं म्हणा, शिळेला घाबरणाऱ्या माणसाशी. मला त्याने एका शब्दाने विचारलं नाही. मी गाव सोडून निघाले तेव्हा तो धक्क्यावर माझ्याकडे पाठ करून जाळं शिवत बसला होता. त्या जाळ्याला भोक नव्हतं. मी आदल्या दिवशी पाहिलं होतं.

छपराचं नीट लिही. 'डोंगराकडचं टिकलंय' म्हणजे काय?

आत्या


रॅग्ड कोव्ह
१२ जून १९९४

प्रिय आत्या,

कॅपलिन आली! काल पहाटे किनारा नुसता चांदीचा, लाटेबरोबर मासे वाळूत लोळतायत, आणि म्हातारेकोतारे बादल्या घेऊन गुडघाभर पाण्यात. मी पण दोन बादल्या भरल्या. त्या वाळवायच्या कशा हे मला येत नाही, त्यामुळे घरात सध्या जो वास आहे त्याबद्दल तू इथं नाहीस हेच बरं. पण ते राहू दे, आपण खाली गेलो होतो!

आमची होडी लेव्हीकाका चालवतो, ईसॉकाकाचा भाऊ. बंदीनंतर त्याला दुसरं काम नाही. मी म्हटलं, "काका, आज जरा मेरी प्रुडन्सवर घेऊन चल."

"कशाला?"

"भोक बघायचंय."

"कसलं भोक?"

"खडकाचं. बोट बुडली ना?"

त्याने बराच वेळ पाइप झाडला. त्यात तंबाखू नव्हतीच. म्हणाला, "जागा नक्की आठवत नाही मला." आत्या, त्या जागेवरून तो रोज टोपी काढून जातो! फिलिपनेच जागा दाखवली, तेव्हा नाइलाजाने नांगर टाकला.

पाणी बर्फाच्या उंबरठ्यावर. खाडीच्या तोंडाशी एक हिमनग रुतून बसलाय, त्याचा गारठा तळापर्यंत आलेला. अंगात कोरडा पोशाख असतो, आत तुझे मोजे (दोन जोड), पण तोंडाभोवतीची कातडी उघडीच. ती आधी दुखते, मग दुखायची थांबते, आणि थांबली की जास्त भीती वाटते. दोरी धरून उतरत गेलो. आधी सगळं हिरवं, मग काळपट हिरवं, मग एकदम खालून सुकाणूघराचं छप्पर वर आलं. बोट एका कुशीवर कलंडून बसलीय, जेवणानंतर बाबा बसतात तशी. सगळीकडे पांढरी फुलं उगवलेली, म्हणजे फुलं नव्हेत, ते प्राणीच. जाळी अजून रचलेली आहेत. एकदाही पाण्यात न पडलेली जाळी. सुकाणूघरात एक लांडगामासा राहतो. तो दारात आला आणि ड्रुसिलाबाई उधारीवाल्याकडे बघतात तसा माझ्याकडे बघत राहिला.

सगळा तळ तपासला. आत्या, खडकाने पाडलेलं भोक नाहीच. एकही फळी फुटलेली नाही. भोक आहे ते एकच, आणि ते बोट बांधणाऱ्याने मुद्दाम ठेवलेलं. कण्याजवळचं. हिवाळ्यात बोट वर ओढली की आतलं पाणी निघून जायला ठेवतात ते, ज्याच्यात पाण्यात लोटायच्या आधी लाकडी बूच ठोकतात. बूच नव्हतं. माझा अंगठा आरपार गेला. पलीकडून एक छोटा मासा बघून गेला.

तेवढ्यात माझ्या तोंडातली हवेची कळ गोठली. गार पाण्यात होतं असं, बर्फ धरतो आणि हवा थांबायचीच नाही, नळ तुटल्यासारखी भसाभसा. फिलिपने दंड धरून वर चल अशी खूण केली. निघता निघता सुकाणूच्या खाली गाळात एक डबा दिसला तो मी ओढून घेतला. रिकाम्या हाताने यायची मला सवय नाही, आजी म्हणायची तसं. एनॅमलचा, पांढरा, निळ्या काठाचा. झाकण अर्धं गंजून गेलेलं, आत गच्च गाळ. मी होडीत चढून हात घालणार, तर लेव्हीकाकाने तो माझ्याकडून काढून घेतला, कोटाखाली धरला आणि धक्का येईपर्यंत तोंड उघडलं नाही. लेव्हीकाकाने! जो चर्चमध्येसुद्धा गप्प बसत नाही! डबा घेऊन सरळ घरी गेला.

तर आता बूच कुठे गेलं, हा प्रश्न. आणि दोन पिढीजात कोळी बुचाशिवाय बोट पाण्यात कशी लोटतात?

छप्पर: समुद्राकडच्या बाजूने उजेड चांगला येतो.

डॉर्मन


गॉल्ट
२७ जून १९९४

डॉर्मन,

एका कानाशी टवका उडालाय का त्या डब्याचा? तो माझ्या आईचा डबा आहे आणि बूच त्यात आहे.

मी हे चालत चालत लिहीत असते तर बरं झालं असतं, बसवत नाहीये. ऐक. हिवाळाभर बूच तांडेलाच्या बायकोच्या चुलीमागे टांगून सुकवतात. सुकं बूच पाण्यात फुगतं आणि गच्च बसतं. बायको नसेल तर होणाऱ्या बायकोच्या चुलीमागे. ही रीत रॅग्ड कोव्हलाही आहे, आमच्या बेटावरही होती. ईसॉने बोट वर ओढली त्या दिवशी बूच पुसून माझ्या हातात दिलं. तो काही बोलला नाही, पण तीच आमची सोयरीक. बोलणं त्याच्या गावीच नव्हतं. सगळा हिवाळा मी ते बूच रोज फिरवून ठेवत होते, सगळ्या बाजूंनी सारखं सुकावं म्हणून. मला हसू नकोस.

मग वसंतात बेटावर रीत अशी, की बूच पहिल्या काकवीच्या केकबरोबर डब्यात घालून द्यायचं. त्याने केक कापायचा, बूच ठोकायचं, बोट लोटायची. मी पहाटे उठून केक केला. धक्क्यावर आले तर ईसॉ नाही, लेव्ही नाही. मला मासळीच्या कारखान्यात पाळीवर जायचं होतं, हेरिंग येऊन पडली होती, उशीर झाला की मुकादम दारातून परत पाठवायचा. म्हणून शिडीवरून चढले, डबा सुकाणूजवळ ठेवला, आणि शीळ घालत खाली आले, कारण डॉर्मन, मी आनंदात होते. लेव्हीने मला उतरताना पाहिलं. हात पण केला मेल्याने!

म्हणजे त्याला वाटलं मी ईसॉला बूच दिलं, आणि ईसॉला वाटलं लेव्हीने घेतलं. दोन गाढवांनी उघड्या भोकाची बोट समुद्रात नेली आणि सोळा वर्षं माझ्या ओठांना दोष दिला!

आता तू काय करायचं ते ऐक. दुकानात जा, सगळे जमले असताना जा, आणि मोठ्याने सांग. शीळ नाही, बूच. डबा, केक, सगळं सांग. ड्रुसिलाला दोनदा सांग.

मी आज रात्री भरपूर जेवले. केव्हापासून एवढी भूक लागली नव्हती.

आत्या


रॅग्ड कोव्ह
१५ जुलै १९९४

प्रिय आत्या,

सांगितलं. आधी बसून घे.

शनिवारी दुपारी गेलो, दुकान भरलेलं. मी पिठाच्या पोत्यावर उभा राहून सांगितलं (पोतं फुटलं, त्याचं वेगळं). बोटीला खडक लागला नव्हता, बूचच नव्हतं, माझा अंगठा गेला, हे बघा हा अंगठा. मला वाटलं आता आरडाओरडा होईल. पण एका म्हाताऱ्याने पान थुंकावं तशी तंबाखू थुंकली आणि म्हणाला, "बरोबरच आहे. ईसॉसारखा माणूस बूच विसरतो का कधी? त्यामागे शीळच असणार."

"अहो, विसरले म्हणजे विसरले!"

"अरे पण विसरायला लावलं कुणी?"

आत्या, या लोकांशी वाद घालणं म्हणजे चिखलात बादली उपडी करणं. मग मी तू म्हणालीस तसं पुढचं सांगितलं. बूच आत्याने डब्यात ठेवलं होतं, केकबरोबर, सुकाणूजवळ.

यावर ड्रुसिलाबाईंनी तराजूतला हात काढला. "केकबरोबर?"

"काकवीच्या."

"बूच हातात नाही दिलं? खाण्याबरोबर बोटीवर ठेवलं?"

"हो. का?"

त्यांनी एप्रनने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बिचारा ईसॉ. केवढं पोटात ठेवलंन." आणि दुकानातल्या सगळ्या बायका माना हलवायला लागल्या. एक म्हणाली, "पण हिंमत बघा हं पोरीची. केक पण करून दिला."

मला काही कळेना. मी तडक लेव्हीकाकाकडे गेलो. तो चुलीपुढे बसला होता. बूच त्याने मी डबा आणला त्याच दिवशी चुलीत घातलं. ओलं होतं, दिवसभर फसफसत होतं म्हणे. म्हटलं, "काका, आता बोल. नाहीतर मी जातच नाही, आणि माझ्या अंगाला कॅपलिनचा वास येतोय."

मग बोलला. आत्या, इथं रीत अशी आहे: बूच हातातून हातात द्यायचं, धक्क्यावर, चार लोकांसमोर. ते खाण्याच्या पदार्थाबरोबर बोटीवर परत ठेवलं, तर त्याचा अर्थ, तुझं-माझं जमायचं नाही, दुसरी चूल बघ. खाणं एवढ्यासाठी की मागे वैर नको. आजीच्या वेळेपासून आपण इथं आहोत आणि हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. आपणही विचारलं नाही. मी स्वतः इथं जन्मलो, मला माहीत नव्हतं!

आता बोटीवरचं. बूच नाही हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. यंत्र चालू होतं तोवर त्याचा पंप आत आलेलं पाणी बाहेर टाकत होता, म्हणून कळलं नाही. जाळी टाकायच्या जागी पोचले, लेव्हीकाका म्हणाला, आधी चहा, व्हेल्माने डबा ठेवलाय. म्हणून यंत्र बंद केलं. निवांत चहा उकळला. ईसॉकाकाने डबा उघडला.

"केक बाहेर काढला," लेव्हीकाका सांगत होता, "आणि खाली बूच. मी खालच्या फळ्या बघतो तर पाणी! ओरडलो, ईसॉ, बूच ठोक, ठोक बूच! हा आपला डबा मांडीवर घेऊन बसलेला. म्हणतो, 'आता ठोकून काय करू, लेव्ही?' मी म्हटलं, अरे गाढवा, बुडतोय आपण! तर त्याने बूच डब्यात परत टाकून झाकण लावलं, म्हणतो, 'कळलं मला.' यंत्र भिजलं, चालू होईना. मी त्याला कॉलर धरून होडीत ओढला. केक तेवढा हातात राहिला."

"कुणी खाल्ला?"

"मी. परत वल्ही मारायची होती ना."

मग वाटेत ईसॉकाका म्हणाला, गावाला सांग, बाई चढली होती, शीळ घातली. लेव्हीकाका म्हणाला, तिच्यावर कशाला? तर म्हणे, "तिने मला नाकारलं हे गावाला कळलं तर तिच्याशी कुणी बोलणार नाही, आणि मला सगळे दया दाखवतील. शिळेचं काय, शीळ लोक विसरतील."

विसरतील! या गावात!

तर आता गावाचं म्हणणं बदललंय. तू बोट बुडवलीस हे आहेच, पण आता तू ईसॉला नाकारलंस हेही आहे, आणि त्यामुळे तुझा मान वाढलाय. मला विचारतात, "डॉर्मन, नाकारलं होतं ना खरंच?" मी म्हटलं, विचारून सांगतो. ईसॉकाकाला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. इथं ते किटली उकळेपर्यंत टिकेल.

नाकारलं होतंस का?

डॉर्मन


गॉल्ट
३ ऑगस्ट १९९४

चि. डॉर्मन,

पत्र मिळालं. कामावर नेलं होतं, जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वाचलं. शेजारच्या मशीनवरच्या बाईने विचारलं, "कुणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही गं, उलटं."

मी केक केला, बूच ठेवलं, कामाला उशीर झाला होता म्हणून पळाले. एवढंच. त्याच्यापलीकडे मी काही म्हटलं नव्हतं. त्याला वाटलं मी नाही म्हटलं. मला वाटलं तो शिळेला भ्यायला. मी इतकी संतापले होते की विचारायला गेले नाही, आणि तो इतका दुखावला की तोही आला नाही. दोघांची घरं एकाच पायवाटेवर. शेळी सुटली तरी विचारायला गेलो असतो आम्ही एकमेकांकडे!

'आता ठोकून काय करू' म्हणाला? असंच म्हणाला? लेव्हीला पुन्हा विचार. तो गोष्टी वाढवून सांगतो.

ईसॉला काही सांगू नकोस. एक अक्षर नाही. जे सांगायचं ते मी माझ्या पद्धतीने सांगेन.

घर बंद राहिलं की चादरींना वास येतो. कपाटातल्या सगळ्या बाहेर काढ, धू, वाऱ्यावर घाल. कॅपलिन फेकून दे. समुद्राकडच्या उजेडावर पत्रा मार. कारखाना आम्हाला या शुक्रवारीच सोडतोय, मालकांना घाई झाली.

आत्या


रॅग्ड कोव्ह
१८ ऑगस्ट १९९४

प्रिय आत्या,

पत्रा मारला, चादरी धुतल्या. एक चादर वाऱ्याने खाडीत गेली, ती मी बुडी मारून आणली, त्यामुळे तिला धुतली म्हणायचं की नाही ते तूच ठरव. घर भाड्याने द्यायचा विचार दिसतोय तुझा. मला आधी सांगायचंस, मी गाशा गुंडाळतो. तसंही लॅब्रॅडॉरला खेकड्यांच्या बोटीवर माणसं हवी आहेत असं फिलिप म्हणतोय.

तू म्हणाली होतीस ईसॉकाकाला सांगू नकोस. मी सांगितलं नाही. तोच आला. गेल्या रविवारी, चर्चहून सरळ, कोटात. दारातच उभा राहिला, टोपी (तपकिरीच) हातात. म्हणाला, "दुकानात काहीतरी चाललंय. मी आलो की सगळे बटाट्याच्या भावाबद्दल बोलतात."

"बटाटे महागलेत, काका."

"तुझ्या आत्याने काय लिहिलंय?"

"तिने सांगितलंय तुम्हाला काही सांगू नकोस."

तो मान हलवून म्हणाला, "म्हणजे अजूनही नाहीच म्हणतेय."

"नाही नाही, नाही म्हणत नाहीये."

"मग हो म्हणतेय?"

"तेही नाही. काका, तिने काहीच म्हटलं नव्हतं! तिला कामाला उशीर झाला होता!"

माझ्या तोंडून निघून गेलं, आत्या. मग उरलेलं पण निघालं. बेटाची रीत, केक, मुकादम, सगळं. तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "कामाला?"

"हेरिंगच्या पाळीला."

"हेरिंग," म्हणाला. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय, मी आत पाणी आणायला गेलो, येऊन बघतो तर हसत होता, म्हणजे डोळ्यांतून पाणी होतं पण हसत होता. "मी एका बोटीला जलसमाधी दिली, लेकरा," म्हणाला, "हेरिंगसाठी."

पुढचं ऐक. मेरी प्रुडन्स बुडाली त्या दिवसापासून तो कुठल्याच बोटीत बसलेला नाही. गावाला वाटतं बोट गेल्याच्या दुःखाने. दुसऱ्या दिवशी लेव्हीकाकाला म्हणाला, "गॉल्टला जायचं तर वाटेत समुद्र किती लागतो?" लेव्हीकाका म्हणाला, पोर्टो बास्कहून फेरीबोट, सहा-सात तास. मग मला बाजूला घेऊन विचारतो, "त्या फेरीबोटीला खाली बूच असतं का रे?"

"असेल काहीतरी."

"ते ठोकतं कोण?"

मी म्हटलं, काका, त्याला पगारी माणूस असतो. तेव्हा कुठे त्याचा जीव थंड झाला. मंगळवारी आम्ही त्याला बसमध्ये बसवला. बरोबर एक पिशवी बंदीच्या आधीची खारवलेली मासळी, कोट, आणि तुझा पत्ता, जो मी दोनदा लिहून दोन खिशांत घातला. "तिला कळवू नकोस," म्हणाला, "कळवलंस तर ती दार लावून घेईल." म्हणून कळवतोय. हे पत्र पोचेल तेव्हा तो तिथं आलेलाही असेल. तर आत्या, तो दारात काही बोलला नाही तर रागावू नकोस. तो बसपर्यंत सगळं पाठ करत गेलाय, लेव्हीकाकाने ऐकलं, पण ऐन वेळी विसरेल. त्याला आत घे, चहा दे आणि तूच विचार. तुम्ही दोघं वाट बघायला लागलात तर

थांब. खाली रस्त्यावर टॅक्सी थांबलीय. इथं टॅक्सी म्हणजे कुणीतरी मेलंय नाहीतर कुणीतरी बाळंत होणार. ड्रुसिलाबाई दुकानातून बाहेर आल्यात, तराजूचं वजन हातातच. ड्रायव्हर दोन मोठ्या बॅगा काढतोय. एक बाई उतरतेय, निळा कोट. घराकडे बघतेय, छपरावरच्या पत्र्याकडे बघून तिने कपाळाला हात लावला.

आत्या, ही तू आहेस.

तू फाटकातून आत येतेयस. बॅगा तिथंच टाकल्यास. ईसॉकाकाच्या घराकडे मान वळवून बघितलंस, त्याच्या धुराड्यातून धूर निघत नाहीये. आता मी दार उघडलं की तू पहिला प्रश्न काय विचारणार ते मला पक्कं माहीत आहे, आणि तो माणूस एव्हाना गॉल्टला तुझ्या बंद दारापुढे मासळीची पिशवी घेऊन उभा असेल हे तुला तोंडाने सांगायची माझी छाती नाही. मी मागच्या दाराने पाणी आणायला जातोय. पत्र टेबलावर ठेवलंय.